आधी हक्काचा कागद, मग सोन्याचा दाखला

भारतात दर वर्षी साधारण ७०० ते ८०० टन सोनं बाहेरून येतं. देशातल्या खाणींतून, मुख्यतः कर्नाटकातल्या हट्टीतून, जे निघतं ते २ टनांच्याही आत असतं. कोलारच्या खाणी तर २००१ सालीच बंद झाल्या. म्हणजे जुन्या दागिन्यांची मोड सोडली, तर सराफाकडून आपण घेतो ते जवळजवळ सगळं सोनं परक्या मुलखाच्या मातीतून आलेलं असतं. ते कोणी खणलं, कसं खणलं, खणणाऱ्याच्या हातात काय पडलं, हे सराफाला सांगता येत नाही, कारण त्यालाही ते कोणी सांगितलेलं नसतं. आपणही विचारत नाही. आपण विचारतो कॅरेट, भाव आणि घडणावळ.

हा प्रश्न सांगली जिल्ह्यातून विचारला जावा, असं माझं ठाम मत आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारच्या साताऱ्यातला माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली हजारो माणसं देशभर गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा करतात. केरळ-तमिळनाडूपासून पंजाब, बिहार, आसामपर्यंत कुठल्याही गावच्या सराफ बाजारात जा, एखाद्या बोळातल्या खोलीत भट्टी, मुशी आणि तेजाबाच्या बरण्या मांडून बसलेला माणूस खानापूर तालुक्यातल्या विट्याच्या आसपासच्या खेड्यातला निघतो. मोड वितळवणं, टंच म्हणजे शुद्धता काढणं, हिणकस सोन्यातून चांदी-तांबं वेगळं काढून शुद्ध लगड हातात देणं हे त्याचं काम. सोन्याच्या व्यवहारात इतक्या आतपर्यंत पोचलेला मराठी समाज दुसरा नाही. सोनं कुठून येतं या प्रश्नावर त्याचं काही म्हणणं असायलाच हवं.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. जगात ८० हून अधिक देशांत दीड ते दोन कोटी माणसं हातानं किंवा लहानसहान यंत्रांनी सोनं काढतात. जगाच्या खाणींतून दर वर्षी निघणाऱ्या सोन्यातला साधारण पाचवा हिस्सा त्यांचा. त्यांच्यात स्त्रिया आहेत, आणि सांगायला वाईट वाटतं, पण मुलंही आहेत. दोन्ही मिळून चाळीस-पन्नास लाख. बहुतेकांकडे खणायचा परवाना नाही, जमीन त्यांच्या नावावर नाही, बँक त्यांना दारात उभं करत नाही. सोनं निघालं की ते गावातल्या दलालाला, तो म्हणेल त्या भावानं द्यायचं. दलाल बहुधा पाराही उधारीवर देतो आणि त्याच्या बदल्यात सोन्यावर हक्क सांगतो.

ही माणसं लोभापायी खाणीत उतरतात असं मानणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. आपली माणसं गलाईकडे का वळली? कोरडवाहू रान, बेभरवशाचा पाऊस आणि १९७२ चा दुष्काळ. वाट आधीपासून होती, दुष्काळानं ती रुंद केली. एकानं भाच्याला नेलं, भाच्यानं मेव्हण्याला, आणि अर्धं गाव परराज्यात गेलं. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत १९८० च्या दशकातल्या दुष्काळांनंतर हेच घडलं. बाजरी-ज्वारी पिकवणारा शेतकरी पीक बुडाल्यावर खड्ड्यात उतरला. पुढं पाऊस बरा झाला तरी तो पूर्णपणे परतला नाही, कारण वर्षाचा रोख पैसा त्यालाही लागतोच. आमच्याकडेही टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी येऊन डाळिंबं-द्राक्षं झाली, म्हणून गलाई थांबलेली नाही.

दुसरं साम्य याहून महत्त्वाचं आहे. ते कागदाचं.

गलाईवाल्याच्या मागं लागलेला सगळ्यात मोठा घोर तेजाबाच्या धुराचा नाही, चौकशीचा आहे. कुठंतरी चोरी होते, चोर पकडला जातो, तो म्हणतो, सोनं अमक्या गलाईवाल्याकडे वितळवलं. मग जुन्या दंडविधानाचं ४११ कलम, आता न्यायसंहितेचं ३१७, म्हणजे चोरीचा माल घेतल्याचा आरोप. सोनं वितळल्यावर ओळख पुसली जाते. ते कुणाकडून घेतलं याचा कागद नसेल, तर प्रामाणिक माणूसही परमुलखात, परभाषेत, एकटा अडकतो. गलाईवाल्यांच्या मेळाव्यांत हाच विषय वर्षानुवर्षं निघतो. ज्यानं हे सोसलंय त्याला पेरूतल्या किंवा घानातल्या खाणमजुराची अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कागद नसला की माणूस कायद्याच्या आत असूनही बाहेरचा ठरतो, आणि बाहेरच्याला कोणीही लुबाडतं. म्हणून लहान खाणकामाबद्दल जबाबदारीची भाषा करायची, तर सुरुवात खणणाऱ्याला हक्काचा कागद देण्यापासून व्हायला हवी. त्याच्याकडे दाखला मागायचा, तो त्यानंतर.

आता पाऱ्याविषयी, कारण लहान खाणींविरुद्धचा सगळ्यात खरा आक्षेप तोच आहे.

दगड दळायचा, त्या पिठात पारा घालायचा, पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. मग तो गोळा फडक्यात पिळायचा आणि आगीवर धरायचा. पारा उडून जातो, मागं सच्छिद्र पिवळा गोळा उरतो. हे काम पुष्कळदा घराच्या अंगणात, चुलीजवळ, मुलांच्या देखत होतं. उडालेला पारा फुप्फुसांत जातो, उरलेला ओढ्यात जातो, तिथं त्याचं जास्त विषारी रूप तयार होऊन तो माशांत शिरतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे माणसानं हवेत सोडलेल्या पाऱ्यापैकी ३८ टक्के एकट्या लहान सोन्याच्या खाणकामातून येतो. वर्षाला आठशे टनांच्या वर. पेरूच्या माद्रे दे दियोस प्रांतात २०१६ साली पाऱ्यामुळे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. आणि पारा हा एकच धोका नाही. नायजेरियाच्या झाम्फारा राज्यात सोन्याच्या दगडात शिसं होतं. तो दगड घराघरांत दळला गेला आणि २०१० साली चारशेहून जास्त लहान मुलं शिशाच्या विषबाधेनं दगावली. हे वाचून ज्याच्या पोटात खड्डा पडत नाही, त्यानं या विषयावर बोलूच नये.

मग बंदी का नको?

पाऱ्यावरचा जागतिक करार काय म्हणतो, ते बघा. जपानमधल्या मिनामाता गावात एका रासायनिक कारखान्यानं समुद्रात सोडलेल्या पाऱ्यानं पिढ्या उद्ध्वस्त झाल्या. १९५६ साली तो आजार पहिल्यांदा नोंदला गेला. त्या गावाचं नाव घेऊन २०१३ साली करार झाला, २०१७ पासून तो लागू आहे, २०१८ साली भारतानंही त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे बळी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या या करारानं लहान खाणकामावर बंदी घाला असं म्हटलेलं नाही. पाऱ्याचा वापर कमी करा, जमेल तिथं संपवा. सगळा दगड पाऱ्यात घोळणं, उघड्यावर पारा जाळणं, वस्तीत जाळणं आणि पारा मिसळलेल्या गाळावर सायनाइड वापरणं ही चार कामं आधी थांबवा. आणि खाणकाम कायद्याच्या चौकटीत आणायची पावलं उचला, असं तो सांगतो. चौकटीबाहेरच्या माणसापर्यंत ना प्रशिक्षण पोचतं, ना कर्ज, ना डॉक्टर, हे तो करार लिहिणाऱ्यांना कळत होतं.

घानानं २०१७ साली लहान खाणकामावर सरसकट बंदी घातली. २०१८ च्या अखेरीस ती उठवावी लागली. परवाना असलेला माणूस बसून राहिला, परवाना नसलेला रात्री खणत राहिला. प्रा आणि अंकोब्रा या नद्या आजही गढूळ वाहतात. माणगंगेच्या आणि येरळेच्या काठच्या माणसाला हे नवीन नाही. वाळूवर बंदी आली की दिवसाचा ट्रॅक्टर रात्रीचा होतो, तहसीलदाराच्या गाडीवर पाळत बसते, दर वाढतो आणि मधले दोन-चार लोक गब्बर होतात. नदीत वाळू उरत नाहीच, गावाच्या तिजोरीतही काही पडत नाही.

त्याच येरळेच्या काठावर आपण याचं उत्तर एकदा शोधलंय, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या आधारानं, डॉ. भारत पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांच्या सोबतीनं, बळीराजा धरण बांधलं. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि विहिरी आटत होत्या. गावकरी म्हणाले, ही वाळू आमच्या नदीची, ती आम्ही विकू आणि त्या पैशातून आमचं धरण बांधू. सरकारशी भांडून तो हक्क त्यांनी मिळवला. वाळू विकली, श्रमदान केलं, बाहेरून विद्यार्थी येऊन राबले, आणि धरण उभं राहिलं. पाणी वाटायची वेळ आली तेव्हा ते जमिनीच्या प्रमाणात वाटायचं नाही, दर कुटुंबाला वाटायचं, भूमिहीनालाही द्यायचं, असं ठरलं.

लहान खाणकामाबद्दल सगळ्या जगात चाललेल्या वादाचा गाभा मला या धरणात दिसतो. तीच वाळू, तेच फावडं. ठेकेदाराच्या हातात होतं तेव्हा नदी मरत होती. गावाच्या हातात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, ठरलेल्या कामासाठी आलं तेव्हा त्यातून पाणी अडलं. फरक पडला तो हक्क कोणाचा आणि हिशेब कोणापुढं यानं.

पेरूच्या आयाकुचो भागात सांता फिलोमेना नावाची खाणवस्ती आहे. तिथल्या खाणमजुरांनी स्वतःची कंपनी काढली, खाणीचा हक्क मिळवला, आणि २००४ साली ती वस्ती बालमजुरीतून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. पुढं तिथलं सोनं न्याय्य व्यापाराच्या प्रमाणपत्रानं विकलं जाऊ लागलं. खाणीबाहेर टाकलेल्या दगडांतून सोन्याचा दगड निवडणाऱ्या बायका पेरूत मोठ्या संख्येनं आहेत. पायाकेरा म्हणतात त्यांना. वर्षानुवर्षं त्यांची गणती कामगारांत होतच नव्हती. हक्काचा कागद म्हणजे त्यांच्यासाठी सगळ्यात आधी आपलं नाव यादीत येणं.

कागद दिला की झालं, असं मात्र नाही. पेरूनंच लहान खाणवाल्यांची तात्पुरती नोंदवही उघडली, तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, आणि बहुसंख्यांचं नियमितीकरण पूर्ण झालंच नाही. अर्धवट कागद काहींच्या हातात बेकायदा खणण्याची ढाल झाला. बळीराजा धरणावर गावाचा डोळा होता. तसा डोळा नसेल तर परवाना दलालाच्या खिशात जातो.

आणि काही सोनं असं आहे की त्याला कुठल्याही अटीवर हात लावू नये. सुदानमध्ये २०२३ पासून चाललेल्या युद्धाला सोन्याचा पैसा पुरतोय. ब्राझीलमध्ये यानोमामी आदिवासींच्या राखीव रानात घुसलेल्या खाणवाल्यांनी त्यांच्या नद्या आणि आरोग्य उद्ध्वस्त केलं. २०२३ च्या जानेवारीत तिथं आणीबाणी जाहीर झाली. ते लहान खाणकाम गरिबांचं म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिथं लुटला जाणारा त्याहून गरीब आहे. मी ज्याची बाजू घेतोय तो आपल्याच गावच्या डोंगरात, आपल्या लोकांच्या संमतीनं खणणारा माणूस आहे.

एक शहाणा वाटणारा सल्ला हल्ली ऐकू येतो. फक्त मोडीचं सोनं वापरा, नवं घेऊच नका. गलाईवर जगणाऱ्या आमच्या भागाला हा सल्ला सोयीचाच आहे, तरी मला तो पटत नाही. जगाला दर वर्षी लागणाऱ्या सोन्यातलं पाव-एक मोडीतून येतं, बाकीचं खाणीतूनच येतं. चांगल्या गिऱ्हाइकानं पाठ फिरवली म्हणून खाणमजूर फावडं खाली ठेवत नाही. तो तस्कराला विकतो. आणि एकदा वितळलं की ताजं सोनं मोड म्हणून खपवणं किती सोपं, हे गलाईवाल्याइतकं कोणाला ठाऊक? आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेनं २०१२ साली सोन्याच्या खरेदीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यातही लहान खाणवाल्यांना वाऱ्यावर सोडू नका, त्यांना कायदेशीर बाजारात यायला मदत करा, असंच सुचवलंय.

पैशाचा हिशेब मांडतो, कारण शेवटी गाडी तिथं अडते. लहान खाणींतल्या जबाबदारीनं काढलेल्या सोन्याला मिळणाऱ्या फेअरमाइन्ड या प्रमाणपत्राखाली खाणीच्या संस्थेला ग्रॅममागं ४ डॉलर जादा मिळतात. पारा आणि सायनाइड अजिबात न वापरता काढलेल्या सोन्याला ६. दहा ग्रॅमच्या तोळ्याला ४० डॉलर धरले तर साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. २०२५ मध्ये तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेला, आणि त्यावर शेकडा दहा-बारा घडणावळ आपण कुरकुरत का होईना देतोच. प्रमाणपत्राचा, वाहतुकीचा, वेगळं साठवण्याचा खर्च वर येईल. तरीही गंठणाच्या एखाद्या नाजूक नक्षीसाठी आपण जेवढे पैसे मोजतो, त्याच्या आतबाहेरच हा सगळा आकडा राहतो. २०१५ सालचं शांततेच्या नोबेलचं पदक अशाच सोन्यात घडवलं होतं. लग्नाचं मंगळसूत्र त्याहून कमी मोलाचं नसतं.

मग इथून काय करता येईल?

गलाईवाल्यांकडे एक ज्ञान आहे ज्याची जगाला गरज आहे. फिलिपिन्सच्या बेंगेत प्रांतातले लहान खाणवाले कित्येक वर्षं पाऱ्याशिवाय सोनं काढतात. दगड बारीक दळून, पाण्यात हलवून जड भाग वेगळा करायचा आणि तो टाकणखारासोबत (बोरॅक्स) मुशीत वितळवायचा. मळ काचेसारखा वर येतो, सोनं तळाला बसतं. हे वाक्य विट्यात कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. टाकणखार तो रोज हाताळतो. प्रत्येक दगडाला ही पद्धत लागू पडत नाही, आधी माल चांगला धुवावा लागतो. पण मुशीपुढचं कसब आमच्याकडे पिढीजात आहे. आपल्याच देशात सुवर्णरेखेच्या वाळूत आणि केरळमधल्या निलंबूरजवळ चालियार नदीत सोनं धुणारी माणसं आहेत. आपल्याच सराफ पेठांतली धूळ आणि गटारातला गाळ धुणारे झारेकरी आहेत, आणि तेही पारा वापरतात. गलाईवाल्यांच्या संघटनांनी भट्टीला धूर ओढणारी यंत्रणा, पारा परत मिळवणारं बंद भांडं आणि टाकणखाराची पद्धत यांचं प्रशिक्षण विट्यात सुरू केलं, तर त्याचा पहिला फायदा आमच्याच पोरांच्या फुप्फुसांना होईल.

सरकारकडे दोन मागण्या. सोनं हे कायद्यानं वाळू-मुरमासारखं गौण खनिज, म्हणजे ज्याचे नियम राज्य ठरवतं असं खनिज, नाही. त्यामुळे नदीत हातानं सोनं धुणाऱ्या बाईला राज्याच्या पातळीवर साधा परवाना मिळायची वाटच नाही. ती वाट काढायला हवी, आणि हक्क देताना तो ग्रामसभेच्या संमतीला बांधायला हवा. दुसरी मागणी हॉलमार्कबद्दल. २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक आला. त्यावरून दागिना कुठल्या सराफाचा, कुठं तपासलेला, किती शुद्ध, हे मोबाइलवर कळतं. सोनं कुठल्या देशातून, कुठल्या खाणीतून आलं, हे त्यात नाही. भारत आता बोलिव्हिया, पेरू, घाना अशा देशांतून कच्च्या लगडी आणून इथं शुद्ध करतो, आणि बोलिव्हियाचं सोनं तर बहुतांश लहान खाणींच्या सहकारी संस्थांचं असतं. म्हणजे शुद्धीकरण कारखान्याच्या दारापर्यंत माहिती येऊ शकते. ती पुढं गिऱ्हाइकापर्यंत न्यायची.

आणि सराफांकडे एक. सोन्याची आयात मुख्यतः ठरावीक बँका, नेमलेल्या संस्था आणि परवाना असलेले शुद्धीकरण कारखाने यांच्यामार्फत होते. त्यामुळे सांगली-साताऱ्याचा एकटा सराफ बोलिव्हियातल्या सहकारी संस्थेकडून सोनं मागवू शकत नाही. पण जिल्ह्यातले दहा-वीस सराफ एकत्र येऊन आपल्या बँकेला लेखी कळवू शकतात की प्रमाणित लहान खाणींचं एक किलो सोनं आम्हाला हवं आहे, त्यावरची जादा रक्कम आम्ही भरू, आणि ते वेगळं वितळवून वेगळं ठेवायची सोय विट्यातले गलाईवाले करतील. एक किलो म्हणजे शंभर तोळे. लग्नसराईत एवढं सोनं या दोन जिल्ह्यांत किती लवकर खपतं, हे सराफांनीच सांगावं. नकार आला, तर तोही लेखी घ्यावा, म्हणजे अडचण आयातीच्या नियमात आहे, बँकेत आहे की आपल्याच तयारीत आहे, ते कळेल आणि पुढचा अर्ज कुठं करायचा ते ठरवता येईल.